वाचकांचे प्रश्न : बागेबद्दल पाहुण्यांची तक्रार येते तेव्हा

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची तीन पत्रे आली. तिन्ही पत्रे इंदूर आणि महूच्या परिसरातून, सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या वाचकांची आहेत, आणि तिन्हींत तक्रार घराबद्दल नसून घराभोवतीच्या बागेबद्दल आहे. जागेअभावी पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे आमचे शेतातले घर आहे. मुले बाहेरगावी स्थायिक झाल्यावर आम्ही ते सुट्टीसाठी भाड्याने देऊ लागलो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याचे एक कुटुंब ओंकारेश्वर आणि महेश्वर पाहण्यासाठी तीन रात्री राहिले. भाडे रात्रीला ६,००० रुपये होते. परत गेल्यावर त्यांनी लिहून कळवले की फोटोत दाखवलेली हिरवळ प्रत्यक्षात नव्हतीच, गवत वाळून पिवळे पडले होते, जमिनीला पडलेल्या भेगेत पाय अडकून त्यांच्या मुलाचा घोटा मुरगळला, आणि सकाळी माळी पाला जाळत असल्यामुळे धूर थेट खोलीत आला. त्यांना निम्मे भाडे परत हवे आहे. मी त्यांना रोज स्वतःच्या हाताने पन्हे करून दिले, जाताना मुलांच्या हातावर खाऊ ठेवला, आणि त्याचे हे फळ! यजमान म्हणतात की मालीबाबांना काढून टाकू. ते आमच्याकडे १४ वर्षे आहेत. काय करावे?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातला राग मला पन्ह्याच्या उल्लेखापाशी समजला. आपल्याकडे पाहुण्याने यजमानाच्या घरातल्या उणिवा काढायच्या नसतात. ताटात मीठ कमी असले तरी तो ‘छान झालंय’ म्हणून उठतो. परंतु १८,००० रुपये मोजून जो राहतो त्याला आपण केवळ सवयीने पाहुणा म्हणतो. तो ग्राहक आहे, आणि त्याने उणीव सांगितली म्हणजे आपले आतिथ्य नाकारले असे होत नाही. पन्ह्याचा हिशेब वेगळा आणि हिरवळीचा वेगळा, एवढे मनाशी ठरवले की पुढचे सोपे जाते.

आता तक्रारीतली कलमे एकेक पाहू. आपण सोबत पाठवलेले फोटो मी पाहिले. त्यांत लॉन गर्द हिरवे आहे, आकाश ढगाळ आहे आणि कोपऱ्यात तेरडा फुललेला आहे. म्हणजे फोटो श्रावण-भाद्रपदातले आहेत. खाली मजकूर आहे : ‘मुलांना खेळण्यासाठी हिरवेगार लॉन.’ त्यावर महिना लिहिलेला नाही. माळव्यात पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हे आपल्याला ठाऊक आहे; पुण्याहून येणाऱ्याला ते ठाऊक असलेच पाहिजे असे नाही. या कलमावर पाहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते तसे मान्य करावे.

मात्र मान्य करणे म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात सगळे लॉन हिरवे ठेवण्याचे वचन देणे नव्हे. तुमचे लॉन २,००० चौरस फूट आहे असे तुम्ही लिहिता. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हाळ्यात दूर्वेच्या लॉनला रोज निदान ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर तुमच्या लॉनला दिवसाला सुमारे ९३० लिटर पाणी लागेल, म्हणजे ५,००० लिटरचा टँकर साडेपाच दिवसांत संपेल. ज्या शहराला प्यायचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, नर्मदेतून वर चढवून आणावे लागते, त्या शहराच्या वेशीवर बोअरवेलचे पाणी असे गवतावर ओतणे मला पटत नाही, आणि तुमच्या बोअरवेललाही मे महिन्यात ते झेपणार नाही. त्यापेक्षा ओसरीसमोरचा ५०० चौरस फुटांचा तुकडा तेवढा हिरवा ठेवा. त्याला दिवसाला २३० लिटर पुरतील, आणि संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायला, मुलांना लोळायला तेवढी जागा पुष्कळ होते. पाणी पहाटे द्या. दुपारी दिलेले पाणी निम्मे वाऱ्यावर जाते. उरलेल्या लॉनला वाळू द्या. दूर्वा वाळते म्हणजे मरत नाही. मुळांशी जीव धरून असते आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांनंतर पंधरवड्यात फुटते. मे महिन्याचा एक फोटो, पिवळ्या गवतासकट आणि फुललेल्या गुलमोहरासकट, काढून घराच्या माहितीत टाका आणि खाली सरळ लिहा : ‘मार्च ते जून या काळात लॉनचा ओसरीसमोरील भागच हिरवा असतो.’ हे वाचून ज्याला यायचे नाही तो येणार नाही, आणि जो येईल तो या मुद्द्यावर तक्रार करणार नाही.

भेगांची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे मी तुमची बाजू घेऊ शकत नाही. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आक्रसते. एप्रिलअखेर तिला पडणाऱ्या भेगांत माणसाची बोटे सहज जातात, मोठ्या भेगेत लहान मुलाचे पाऊलही जाते. हे दरवर्षी घडते, म्हणून त्याला अपघात म्हणता येत नाही. मार्चमध्येच लॉनवरून फिरून बारीक चाळलेले शेणखत, वाळू आणि तीच माती समभाग मिसळून भेगा भरून घ्याव्यात. नुसती वाळू भरू नये; ती पावसाळ्यात तशीच राहते आणि त्या जागी गवत धरत नाही. भरणे शक्य नसेल तितका भाग दोरी बांधून बंद करावा आणि पाहुण्यांना आल्या आल्या दाखवून द्यावा. त्या मुलाच्या घोट्याची चौकशी तुम्ही फोन करून केली का? पत्रात तसे दिसत नाही. आधी तो फोन करा, पैशांचे बोलणे त्यानंतर.

धुराबद्दल दुमत होण्याचे कारणच नाही. पाला उघड्यावर जाळणे हा कायद्यानेही दोष आहे; राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरवला. आणि इंदूरच्या माणसाने पाला जाळावा हे मला जरा जास्तच लागते. १९२४ पासून पुढची काही वर्षे ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत होते, आजचे आपले कृषी महाविद्यालय आहे त्याच आवारात. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, तीन वेळा वरखाली करून, तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. १९३१ साली त्यावर जे पुस्तक निघाले त्याचे सहलेखक यशवंत वाड होते. तेव्हा घरामागे, खोल्यांपासून दूर आणि वाऱ्याच्या विरुद्ध अंगाला एक खड्डा घ्या. फाल्गुनातली पानगळ त्यात टाकली की आषाढात तुमच्या लॉनला पसरायला खत तयार असेल.

आता पैसे. निम्मे भाडे देऊ नका. घर, स्वयंपाकघर, कूलर, अंथरूण-पांघरूण यांबद्दल त्यांची कसलीच तक्रार नाही आणि ते तिन्ही रात्री राहिले आहेत. परंतु ज्या लॉनचे नाव जाहिरातीत घेतले ते मिळाले नाही आणि मुलाला इजा झाली, म्हणून मी तुमच्या जागी असते तर एका रात्रीचे ६,००० रुपये, त्यांनी दुसऱ्यांदा मागण्याआधी, परत केले असते. डॉक्टरांचे बिल झाले असेल तर तेही दिले असते. ‘कोर्टात जा’ असे उत्तर रागाच्या भरात देऊ नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. त्याला दोन वर्षांची मुदत असते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. म्हणजे त्यांना काही खर्च नाही, आणि तारखांना पुण्याचे खेटे घालण्याची किंवा तिथे वकील देण्याची पाळी तुमच्यावर. पावसाळ्यातला फोटो उन्हाळ्यात दाखवणे तिथे दिशाभूल ठरू शकते.

उत्तर थोडक्यात आणि स्वतःच्या नावाने लिहावे. मी असे लिहीन : ‘नमस्कार. घोटा आता कसा आहे ते कृपया कळवावे. आपण लॉनबद्दल लिहिले ते खरे आहे. आमचे फोटो पावसाळ्यातले होते आणि तसे आम्ही लिहायला हवे होते. भेगा वेळेत भरल्या नाहीत आणि पाला जाळला गेला, या दोन्ही चुका आमच्या आहेत. एका रात्रीचे भाडे व औषधोपचाराचा खर्च आम्ही आजच पाठवत आहोत. उरलेले भाडे परत करणे आम्हांला योग्य वाटत नाही, कारण घराच्या इतर सोयी आपल्याला पूर्ण मिळाल्या.’ यात ‘परंतु’ने सुरू होणारे, त्यांना शिकवणारे एकही वाक्य घालू नका. उन्हाळ्यात गवत वाळतेच, हे सांगण्याची वेळ आरक्षण घेण्याआधीची होती.

राहिले मालीबाबा. त्यांनी १४ वर्षे पाला जाळला आणि त्यांना कोणी हटकले नाही. फोटो त्यांनी काढले नाहीत, मजकूर त्यांनी लिहिला नाही, आणि भेगा भरायला वाळूची गाडी मागवण्याचा अधिकारही त्यांना नसावा. यजमानांनी त्यांना काढण्यापेक्षा शनिवारी त्यांच्याबरोबर अर्धा तास बागेत फिरावे. पाहुणे कधी येणार हे माळ्याला चार दिवस आधी कळते का, एवढे एकदा विचारून पाहा. माझ्या पाहण्यात तरी निम्म्या तक्रारी तिथेच उगवतात.

प्रश्न : आमचा बंगला शहरातच आहे. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रात्रीच्या मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ, पाहायला आलेल्या एका मंडळींनी पावसात गाडी थेट लॉनवर आणून लावली. चाकांनी दोन लांब चर पडले. माळ्याने दुसऱ्याच दिवशी रोलर फिरवला आणि वाढलेले गवत मुळाशी कापून टाकले. तिसऱ्या दिवशी आलेल्या नागपूरच्या पाहुण्यांनी ‘बागेची अजिबात निगा नाही’ असा शेरा दिला. चूक पहिल्यांची आणि बोल आम्हांला! पहिल्यांच्या अनामत रकमेतून पैसे कापावेत का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : कापता येतील, पण आधी दोन गोष्टी तपासा. गाडी कुठे लावायची हे त्यांना लेखी सांगितले होते का, आणि ते येण्याआधीचा व गेल्यानंतरचा लॉनचा फोटो तुमच्याकडे आहे का? दोन्ही असेल तर माती, खत आणि माळ्याची एका दिवसाची मजुरी एवढाच प्रत्यक्ष खर्च कापून हिशेब त्यांना पाठवा. मनस्तापाचे पैसे त्यात धरू नका. दोन्ही नसेल तर यंदाचे नुकसान तुमचे. फाटकाशी मुरुमाचा एक पट्टा टाकून त्याच्या कडेला गुडघाभर उंचीचे दगड लावा. रात्री बाराला झांक्यांच्या गर्दीतून दमून आलेला माणूस पाटी वाचत नाही. दगड मात्र त्याला दिसतो.

तुमच्या माळ्याने घाईने जे दोन उपाय केले त्यांनी दुखणे वाढवले. ओल्या काळ्या मातीवर रोलर फिरवला की ती विटेसारखी दाबली जाते. मुळांना हवा मिळत नाही आणि पुढच्या पावसाचे पाणी वर साचून राहते. वाफसा येईपर्यंत लॉनवर पाऊलही टाकू नये. मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोटाने टिचकी मारल्यावर तो फुटला, की वाफसा आला असे समजावे. मग चराच्या तळाची माती दाताळ्याने किंवा पहारीने भोके पाडून मोकळी करावी, वाळू व खताचे मिश्रण भरावे आणि लॉनच्या मागच्या बाजूची दूर्वा मुळासकट काढून तिचे तुकडे वीतभर अंतरावर लावावेत. आश्विनात ऊन आणि ओल दोन्ही असल्यामुळे तीन-चार आठवड्यांत जागा झाकली जाते.

कापणीबद्दल माझाच एक अनुभव सांगते. आमच्याकडे पहिल्या वर्षी दिवाळीचे पाहुणे दुपारी यायचे होते. पावसाळ्यानंतर गवत टीचभर वाढले होते, म्हणून मी सकाळी उभे राहून ते अगदी जमिनीलगत कापून घेतले. वरची हिरवी पाती गेली आणि खालचे पिवळे, सावलीत वाढलेले देठ उघडे पडले. पाहुणे फाटकात उतरले तेव्हा अंगण नुकत्याच मुंज झालेल्या मुलाच्या डोक्यासारखे दिसत होते, आणि ‘इथे काही रोग पडलाय का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तेव्हापासून नियम असा की एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापायचे नाही. गवत फार वाढले असेल तर चार-पाच दिवसांच्या अंतराने दोनदा कापायचे, आणि शेवटची कापणी पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी उरकायची. यंत्राचा आवाज त्यांच्या पहिल्या सकाळच्या सात वाजता होत नाही, हा आणखी एक फायदा.

नागपूरच्या पाहुण्यांना उत्तर देताना आधीच्या मंडळींचा पाढा वाचू नका. त्यांच्या दृष्टीने ते लॉन तुमचे आहे आणि गाडी कोणाची होती याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ‘आपण आलात त्याच्या दोन दिवस आधी लॉनचे नुकसान झाले होते, ते आपल्याला आगाऊ कळवायला हवे होते, ते राहून गेले. दुरुस्तीचे काम सुरू आहे,’ इतके पुरे. खरे तर ते येण्याच्या आदल्या दिवशी एक फोटो आणि दोन ओळी पाठवल्या असत्या, तर शेरा टळला असता असे मला वाटते.

प्रश्न : महूच्या बाहेर आमचे लहानसे घर आहे. जुलैमध्ये आलेल्या पाहुण्यांनी दोन तक्रारी केल्या : बागेत डास फार आहेत, आणि कुंपणाजवळ साप दिसला. आम्ही नियमित औषध फवारतो. साप तर धामण होती, असे शेजारी म्हणाले. अशा तक्रारींना काय उत्तर द्यायचे?
— एक वाचक, महू

उत्तर : फवारणीवर भिस्त ठेवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक ठरावीक वार धरून कुंड्यांखालच्या ताटल्या, पक्ष्यांचे पाणी ठेवण्याचे परळ, नारळाच्या करवंट्या, टाकलेला टायर आणि गच्चीचे तुंबलेले पन्हाळ रिकामे करून घासून काढा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. कमळाचे टाके असेल तर त्यात गप्पी मासे सोडा. संध्याकाळी ओसरीवर एक टेबलपंखा लावून ठेवा. वाऱ्यात डास बसत नाही, आणि आपल्यासाठी काहीतरी केले आहे हे पाहुण्यालाही दिसते. फवारणी करायचीच असेल तर घर रिकामे असताना करा आणि डब्यावर लिहिलेला अवधी संपल्याशिवाय कोणाला आत घेऊ नका.

सापाची तक्रार हसण्यावारी नेऊ नका, आणि ‘धामण होती, बिनविषारी’ हे शेजाऱ्यांच्या भरवशावर लिहून तर मुळीच देऊ नका. आपल्या भागात नाग, मण्यार आणि घोणस तिन्ही आहेत, आणि अंधारात पाहिलेल्या सापाची जात ठरवणे जाणकारालाही अवघड जाते. सापाला मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, हे माळ्यालाही सांगून ठेवा. तुमच्या हातात आहे ते असे : कुंपणालगतचे गवत आणि गाजर गवत कापून तीन फुटांचा पट्टा मोकळा ठेवणे, विटांचे व लाकडांचे ढीग हलवणे, उंदरांना बोलावणारे खरकटे बागेत न टाकणे, आणि फाटकापासून दारापर्यंत दिवा लावणे. आतल्या भिंतीवर सर्पमित्राचा, वन विभागाचा आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. त्याखाली एवढेच लिहा की दंश झाल्यास दोरी आवळू नये, जखम कापू नये, दंश झालेला अवयव न हलवता ताबडतोब रुग्णालयात जावे. दाराशी एक चांगली विजेरी टांगून ठेवा.

पाहुण्यांना उत्तर देताना, त्यांनी सांगितल्यानंतर त्या कुंपणाजवळ तुम्ही नेमके काय केले ते तारखेसह लिहा. अजून काही केले नसेल तर उत्तर दोन दिवस थांबू द्या आणि आधी विळा घेऊन कुंपणाकडे जा. पायांत बूट घालायला विसरू नका.